साकायता, मगळे?

बाहेरच्या देशांत जनावरांचा डॉक्टर व्हायचं असेल तर नुसते मार्क पुरत नाहीत. अर्ज करण्याआधी गोठ्यात, दवाखान्यात, कुठेतरी जनावरांमध्ये काम केलेलं असावं लागतं. हे मी बारावीनंतरच्या सुट्टीत वाचलं आणि जेवताना मोठ्या तोऱ्यात अप्पांना वाचून दाखवलं. आपल्याकडे काय, परीक्षा दिली, नंबर लागला की झालं, पण तिकडचे लोक किती विचार करतात बघा, असंही मी वर म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अप्पांनी भाकरीचा तुकडा आमटीत तसाच ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, पटलं यांना.

बंगळूरच्या पीण्या या कारखान्यांच्या भागात अप्पांचं लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. निपाणीकडून ते तरुणपणी इथे आले, दुसऱ्यांच्या मशीनवर राबले, मग स्वतःची घेतली. घरात आम्ही मराठी बोलतो, पण ती अशी, की पुण्याच्या माणसाला दर दुसऱ्या वाक्याला ठेच लागावी. भात 'स्वल्प' वाढायचा, निघताना 'सरी, येतो' म्हणायचं. इथल्या कानडीत गाईला 'हसु' म्हणतात, म्हणून लहानपणी मी रस्त्यातल्या प्रत्येक गाईकडे बघून हसायचे. जनावरांचं वेड तिथून लागलं असं आई म्हणते. अप्पांना ते खरोखरच वेड वाटायचं. त्यांच्या डोक्यात माझं कम्प्युटर इंजिनिअरिंग पक्कं होतं आणि मार्कही तेवढे होते. मला मात्र जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं, दुसरं काहीच नाही. त्यावरून घरात बरेच दिवस धुसफुस चालली होती, आणि त्यात मी हे वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालता घालता अप्पा म्हणाले, "काल तू वाचलीस ते बरोबर हाय. आधी वर्षभर जनावरांत राहून बघ. वर्षानं पण हेच म्हणालीस, तर मी स्वतः तुला कॉलेजात नेऊन सोडतो."

"शब्द?"

"शब्द."

पीण्यात अप्पांच्या नुसत्या शब्दावर लोक ऑर्डर देतात. मी तर घरचीच होते.

जागाही अप्पांनीच शोधली. जयनगरात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, कुत्र्यामांजरांचा एक दवाखाना होता. तिथले डॉक्टर आमच्याच गावाकडचे. बंगळूरला शिकायला आले तेव्हा हॉस्टेल मिळेपर्यंत ते आमच्या घरी राहिले होते, आईच्या हातचं जेवले होते. अप्पांना ते अण्णा म्हणत. मला त्यांनी कडेवर घेऊन फिरवलेलं आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "घरात काका म्हण. इथं सर." मला ते इतकं आवडलं, की मी परत येताना मेट्रोत मनातल्या मनात दोन्ही म्हणून बघितलं. कुणीतरी आपल्याला कामाचं माणूस समजायला लागलंय असं वाटलं.

दवाखान्यात झाडलोटीला एक अक्का होत्या, कानडी, वयाने आईएवढ्या. मी गेले आणि मागच्या पिंजऱ्यांची सफाई अक्कांकडून माझ्याकडे आली. पार्व्होची लागण झालेली पिल्लं त्या पिंजऱ्यांत असायची. त्यांची हगवण रक्ताची असते आणि तिचा वास केसांत बसतो, दोनदा धुतले तरी जात नाही. कुत्र्यांच्या शेपटीखाली दोन पिशव्या असतात, त्या भरल्या की पिळून रिकाम्या कराव्या लागतात. ते काम माझं. कानातल्या गोचिडी काढणं माझं. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जखमेत अळ्या पडतात, त्या टर्पेंटाइन घालून चिमट्याने एकेक काढायच्या, तेही माझंच. मेट्रोत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. भर गर्दीत ऐसपैस बसायला मिळायचं, ही त्यातली एक सोय.

ऑपरेशन निघालं की मात्र सर मला बाहेर पाठवायचे. कधी औषधांचे खोके लावायला, कधी पाण्याची टाकी बघायला. काचेच्या दारातून मला त्यांची पाठ दिसायची, बस. मी मनाची समजूत घालायचे, की आधी पाया पक्का करून घेतायत. पूर्वीच्या काळी गुरू शिष्याला लाकडं फोडायला लावायचे, तसं काहीतरी. आपली समजूत आपणच घालायची म्हटल्यावर माणूस किती हुशार होतो, ते तेव्हा कळलं.

तरी त्या वर्षात मी शिकले. घाबरलेल्या मांजराला पंच्यात गुंडाळताना पुढचे पाय आधी आत घ्यावे लागतात. कुत्रं चावणारं असेल तर साध्या बँडेजच्या पट्टीने तोंड बांधता येतं, पण गाठ कानामागे हवी. आणि कुत्र्याला धरायचं म्हणजे आवळायचं नाही, त्याला आपल्या अंगाला टेकू द्यायचं. हे कुणी शिकवलं नाही. हातांनी आपोआप शिकून घेतलं. पावसाळा संपेपर्यंत असं झालं, की सुई टोचताना कुत्रं हलायला लागलं की सर मान न वळवता म्हणायचे, "हिडको." धर. आणि मी धरायचे.

रोज संध्याकाळी मी हात धुऊन निघाले, की ते विचारायचे, "साकायता, मगळे?"

हे कानडी वाक्य माझं फार लाडकं होतं. मगळे म्हणजे पोरी, लेकी. साकू म्हणजे पुरे. पुरे झालं का गं, दमलीस का, असा त्याचा अर्थ. पण कानडीत साकू म्हणजे पाळणं, वाढवणंसुद्धा. साकूनायी म्हणजे पाळलेलं कुत्रं, साकूमगळू म्हणजे मानलेली, वाढवलेली लेक. एकाच शब्दात पुरे आणि पाळणं, याची मला गंमत वाटायची. मी त्यांची साकूमगळूच झालेय असं मला वाटू लागलं होतं. मी रोज म्हणायचे, "इल्ला, सर." नाही. ते मान हलवायचे आणि फोन हातात घ्यायचे. मी तोवर चपला घालून बाहेर पडलेली असायचे.

थंडीच्या दिवसांत एक म्हातारं लॅब्रडोर आलं. मालक नवराबायको पुण्याहून इथे नोकरीला आलेले, आयटीतले, दोघांचेही डोळे सुजलेले. कुत्र्याच्या किडन्या गेल्या होत्या. आमच्याकडे सलाइनवर चार दिवस काढले होते, आता तेही चालेना. "ही इज सफरिंग, डॉक्टर," नवरा म्हणाला, आणि मग मराठीत, स्वतःशीच, "आम्हाला नाही बघवणार." त्यांनी कुत्र्याच्या कपाळावर हात ठेवला आणि ते बाहेर गाडीत जाऊन बसले.

सरांनी मला हाक मारली. "तू धर."

काचेच्या दाराच्या त्या ऑपरेशनच्या खोलीत कामासाठी त्यांनी मला तोवर एकदाही घेतलं नव्हतं. मी टेबलाजवळ गेले. कुत्र्याचं डोकं माझ्या कोपरात घेतलं, पुढचा पाय सरळ केला, अंगठ्याने शीर दाबून वर आणली. ते थरथरत होतं. काय बोलावं कळेना, म्हणून मी नुसतं "असू दे, असू दे, शहाणं माझं" म्हणाले, आणि त्याची शेपटी टेबलावर आपटली. त्याला मराठी कळत होतं. सगळा जन्म मराठी घरात काढलेलं कुत्रं, चार दिवस इथे कानडी आणि इंग्रजी ऐकत पडलं होतं. मग मी थांबलेच नाही. भूक लागली का, फिरायला जायचं का, बस हं, छान बस, असलं काहीही बोलत राहिले, आणि औषध शिरेत जाईपर्यंत ती शेपटी हलत होती. नंतर डोकं जड झालं.

मी वर बघितलं तर सर कुत्र्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"साकायता, मगळे?" दुपार होती अजून, तरी विचारलं.

"इल्ला, सर."

मेट्रोत मी पीण्यापर्यंत रडत गेले. पण खोटं कशाला सांगू, आत कुठेतरी मी ताठ झाले होते. एवढं मोठं काम त्यांनी अक्कांना नाही, दुसऱ्या कुणाला नाही, मला सांगितलं. जीव जाताना धरायला विश्वासाचं माणूस लागतं, आणि ते मी ठरले. घरी सगळं सांगितलं तेव्हा अप्पांनी विचारलं, "मग? उद्या जाणार काय?"

"जाणार की."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. आमटीवर फोडणी राहिली असेल, असं मला वाटलं.

उन्हाळा लागला आणि वर्ष संपत आलं. प्रवेशपरीक्षा पुन्हा दिली होती, पेपर चांगले गेले होते. एका सकाळी मी पिंजरे धूत होते. ड्रेनेज तुंबलं होतं आणि मी कोपरापर्यंत हात घालून केसांचे गुंते काढत होते. अक्का दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्या कानडीत म्हणाल्या, "सोड गं ते. आता किती दिवस राहिलेत तुझे? तुझ्या अप्पांचा हट्टही फिटला असेल एव्हाना."

मी विचारलं, कसला हट्ट.

अक्कांना वाटलं मी थट्टा करतेय. "निम्मप्पने हेळिद्दु," त्या म्हणाल्या. तुझ्या अप्पांनीच तर सांगितलेलं. मग माझं तोंड बघून त्यांचा कप हातातच राहिला, पण सुरू झालेलं बोलणं त्यांना आवरता आलं नाही. घाण असेल ते पोरीला द्या, शिकण्यासारखं असेल ते दाखवू नका, दोन महिन्यांत विटून घरी बसेल, असं अप्पांनी सरांना सांगितलं होतं. सर रोज संध्याकाळी त्यांना फोन करायचे. मी 'इल्ला' म्हणाले, की इल्ला.

"आणि तो म्हातारा कुत्रा?" मी विचारलं.

अक्का खाली बघायला लागल्या. त्या दिवशी सकाळी अप्पांचा फोन आला होता, एवढंच त्या म्हणाल्या.

मी नळ बंद केला. हात धुतले की नाही आठवत नाही. सर आतल्या खोलीत हातमोजे काढत होते. मी त्यांना काका म्हणून हाक मारली, दवाखान्यात पहिल्यांदाच, आणि त्यावरूनच त्यांना कळलं.

"अण्णांनी सांगिटलं," ते म्हणाले. "त्यांना नाही कसं म्हणू? त्यांच्या घरचं खाल्लोय मी."

"मीही त्याच घरची आहे."

त्यांनी दुसरा हातमोजा ओढून काढला.

"त्या दिवशी कुत्र्याला मी धरलं. ते का?"

त्यांनी हातमोजे टोपलीत टाकले. "मला वाटलं, त्या दिवशी तू सोडशील," ते म्हणाले. मग टोपलीकडेच बघत, "चांगलं धरलीस पण. खरंच."

ते 'खरंच' मला सगळ्यात जास्त लागलं. वर्षभर ज्या एका वाक्यासाठी मी मरत होते, ते वाक्य आलं, आणि ते खरं की हेही अप्पांच्या सांगण्यावरूनच आलेलं, हे मला ठरवता येईना. पिंजरे, अळ्या, गोचिडी, त्याचं मला काही नाही. काम ते काम. पण ती खोली, ती शेपटी, तो विश्वास माझा होता. मनात मी तो जपून ठेवला होता, आणि तो निघाला मला पळवून लावायचा डाव. केसाने गळा कापणं हे मी वाक्प्रचार म्हणून वहीत लिहिलं होतं, वाक्यात उपयोग करून. असा उपयोग होईल हे माहीत नव्हतं.

मी घरी न जाता सरळ वर्कशॉपात गेले. मशीन चालू होतं. अप्पांनी मला बघितलं आणि ते बंद केलं. मी काही विचारायच्या आतच त्यांना समजलं असावं, डॉक्टरांचा फोन आलेला असणार.

"काय चुकलं सांग की," अप्पा म्हणाले. "माल बाहेर पाठवायच्या आधी आम्ही तपासत नाही काय? तुला तपासलो. पास झालीस. आता काय रडालीस?"

"तपासत नव्हता तुम्ही. मोडत होता."

"मोडली नाहीस न्हवं?"

मी मोडले असते तर त्यांचं खरं झालं असतं, नाही मोडले तर त्यांचंच खरं. दोन्हीकडून त्यांचाच फायदा, असा सौदा त्यांनी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाशी केला नाही, तो माझ्याशी केला. मी त्यांना तसं म्हणाले. ते म्हणाले, "बापाला गिऱ्हाइक म्हणालीस?" आणि मशीन पुन्हा चालू केलं.

आईला मी संध्याकाळी विचारलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला वाटलं आठ-पंधरा दिवसांत येशील परत. मग तू येईचनास. मग कसं सांगायचं, सांग." वर्षभर माझ्या डब्यात दर एक दिवसाआड काहीतरी गोड असायचं, कधी शेंगदाण्याची पोळी, कधी धपाट्यांबरोबर गूळतूप. मी ते लाड समजून खाल्लं होतं. आईशी मी भांडले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. पण त्या दिवसानंतर तिने काही गोड केलं की मला आधी वाटतं, आता काय झालं असेल.

अप्पांनी शब्द पाळला, हेही सांगायला हवं. माझा नंबर चांगला आला. कॉलेजांचे पसंतीक्रम भरायला ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. बंगळूरचंच कॉलेज मिळालं असतं, घरून जाऊन येऊन शिकता आलं असतं. मी राज्याच्या दुसऱ्या टोकाचं पहिलं टाकलं, तिथली उष्णता, तिथलं पाणी काहीही माहीत नसताना. अप्पांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "चुकून दाबलीस काय?" मी नाही म्हणाले. त्यांनी बोट काढून घेतलं. प्रवेश झाल्यावर ते दोन बॅगा उचलून बसने माझ्याबरोबर आले, हॉस्टेलच्या दारापर्यंत. तंतोतंत, कबूल केल्याप्रमाणे.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सुट्टीत मामाने बंगळूरातच के. आर. पुरमला फ्लॅट घेतला, त्याची वास्तुशांत होती. गावाकडचे झाडून सगळे आलेले, डॉक्टरही. त्या दिवसानंतर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. केस बरेच पांढरे झाले होते. जेवणं झाली आणि पुरुष मंडळी हॉलमध्ये खुर्च्यांवर पान खात बसली. कुणीतरी मला विचारलं, पोरीच्या जातीला हे गाईम्हशींचं कसं जमतं गं.

मी तोंड उघडायच्या आत अप्पा बोलायला लागले. "असंच जमत नाही. मी आधीच ओळखलोतो. हिला म्हटलं, कॉलेज नंतर, आधी वर्षभर घाण उपस. डॉक्टरांना सांगिटलं, अजिबात लाड करू नकोस पोरीचे. अळ्या काढायला लाव, मेलेलं-मरतेलं दाखव. पाया असा पक्का करून घेतला, म्हणून आज पोरगी वर्गात पहिली हाय." सगळी वाहवा करत होती. अप्पांचा चेहरा उजळला होता आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते तसंच आठवत होतं. माझं वर्ष आधी त्यांनी माझ्याविरुद्ध वापरलं, आता ते स्वतःच्या नावावर करून घेतलं. राग इतका आला, की कानशिलं तापली. आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, आज नको.

मामी म्हणाली, "मग गुरूंच्या पाया पड की गं. बाप आणि गुरू दोघेही एका जागी बसलेत, असा योग परत कधी यायचा?" सगळे हसले. सगळे वाट बघत होते. माझ्या नव्या साडीचा पदर कुणीतरी खांद्यावर सारखा केला.

मी डॉक्टरांसमोर वाकले. त्यांनी चटकन दोन्ही पाय खुर्चीखाली घेतले आणि "नको, नको" म्हणाले, इतक्या हळू, की ते फक्त मलाच ऐकू आलं. मग मी शेजारच्या खुर्चीसमोर वाकले. अप्पांनी पाय मागे घेतले नाहीत. माझे हात नीट पोचावेत म्हणून ते उलट थोडे पुढे केले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.